सावली-सावलीत फरक असतो: पानावरची रंध्रं उजेड कसा ओळखतात

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली, आगाशी या बाजूला, अजून काही जुन्या वाड्या शिल्लक आहेत. भर दुपारी अशा एखाद्या वाडीत उभे राहा आणि खाली बघा. वर नारळाच्या झावळ्या, त्यांच्याखाली केळी, केळीच्या आडोशाने चढलेली पानवेल, जमिनीलगत अळू नाहीतर मोगऱ्याचा वाफा. झावळी हलली की उन्हाचा एक कवडसा विड्याच्या पानावर पडतो, दोन-तीन मिनिटं थांबतो आणि पुढे सरकतो. पुन्हा सावली. पुन्हा कवडसा. आपल्याला हे बघायला छान वाटतं. पानाच्या बाजूने विचार केला तर मात्र हा चांगलाच वैताग आहे. ऊन आलं की दारं उघडायची, गेलं की मिटायची, आणि मिटायला उशीर झाला की तेवढा वेळ फुकट पाणी उडणार.

ही दारं म्हणजे पर्णरंध्रं. माझी पीएचडी याच दारांवर आहे. ती उघडतात का, यावर नाही (ते शाळेतच शिकवतात), तर ती उजेडाला किती लवकर आणि कशी दाद देतात, यावर. वसईत राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटू नये, कारण इथे उजेडही बदलतोय आणि पाणीही. ते पुढे येईलच. आधी दार कसं आहे ते बघू.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत र्‍हिओच्या पानाची जांभळी साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली कुणाकुणाला आठवत असेल. सगळ्या पेशी जांभळ्या आणि मध्येमध्ये ओठांसारख्या दोन हिरव्या पेशी, त्यांच्यामध्ये एक फट. त्या दोन हिरव्या पेशी म्हणजे रक्षक पेशी. पानाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा जोड्या शेकड्याने असतात. सगळी रंध्रं सताड उघडी असली तरी त्यांच्या फटींचं क्षेत्रफळ पानाच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास भरतं. पण पानातून जाणाऱ्या पाण्यापैकी बहुतेक सगळं याच एवढ्याशा जागेतून जातं, कारण बाकी पानावर मेणाचा थर असतो.

झाड दार उघडतं ते कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी. हवेत तो अगदी थोडा आहे, आणि पानाच्या आत मात्र पाण्याची वाफ गच्च भरलेली. त्यामुळे दार उघडलं की एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू बाहेर जातात. भात, केळी, पानवेल यांसारख्या झाडांत हा हिशोब साधारण एकाला चारशेच्या घरात जातो. इतका आतबट्ट्याचा व्यवहार झाड रोज करतं, कारण दुसरा मार्ग नाही. (अननस आणि निवडुंग यांनी दुसरा मार्ग काढलाय. ते रात्री दार उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. पण तो वेगळा लेख होईल.)

आता दार उघडतं म्हणजे नेमकं काय होतं? बिजागरी नाही, स्नायू नाही. रक्षक पेशी पाण्याने फुगते, एवढंच. तिच्या भिंतीतले सेल्युलोजचे धागे आडवे, कड्यांसारखे गुंडाळलेले असतात, त्यामुळे ती रुंदीला फुगू शकत नाही, लांबीला वाढते. दोन्ही पेशी टोकांना एकमेकींना चिकटलेल्या आहेत. मग लांब झाल्यावर त्या बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मध्ये फट पडते. हे फुगण्याचं तत्त्व जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो फॉन मोल यांनी १८५६ सालीच मांडलं होतं. दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगते: पूर्ण उघड्या रंध्राच्या रक्षक पेशीतला दाब गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या दहापटीहून जास्त असू शकतो. इतक्या नाजूक दिसणाऱ्या पानात!

फुगण्यासाठी पेशीत पाणी यायला हवं, आणि पाणी खेचायला पेशीत काहीतरी विरघळलेलं जास्त हवं. ते काहीतरी म्हणजे काय, यावर बराच काळ चुकीचं उत्तर चालत होतं. जुन्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असायचं की पेशीतल्या स्टार्चची साखर होते आणि ती पाणी खेचते. मग १९६८ साली फिशर या शास्त्रज्ञाने दाखवलं की रक्षक पेशी शेजारच्या पेशींकडून पोटॅशियम ओढून घेतात, आणि सगळं श्रेय पोटॅशियमकडे गेलं. स्टार्चची गोष्ट परीक्षेपुरती उरली. गंमत अशी की गेल्या दहा-बारा वर्षांत स्टार्च पुन्हा परत आलाय. पानाच्या इतर पेशी दिवसा स्टार्च साठवतात आणि रात्री खातात. रक्षक पेशींचं उलटं आहे. त्या रात्रभर स्टार्च जपून ठेवतात आणि सकाळी उजेड पडला की तासाभरात तो मोडून टाकतात. म्हणजे जुनं पुस्तक अगदीच खोटं नव्हतं, अर्धवट होतं.

पण पेशीला सकाळ झालेली कळते कशी? माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे.

पान उजेड दोन वेगळ्या वाटांनी ओळखतं. पहिली वाट तांबड्या प्रकाशाची, आणि ती सरळ हिशोबाची आहे. तांबडा प्रकाश हरितद्रव्य शोषतं, प्रकाशसंश्लेषण सुरू होतं, पानाच्या आतला कार्बन डायऑक्साइड वापरला जाऊन कमी होतो. रक्षक पेशींना ही कमतरता जाणवते आणि त्या उघडतात. दुकानातला माल संपत आला की शटर वर करून गाडी आत घ्यायची, तसं. यात रक्षक पेशींच्या स्वतःच्या हरितलवकांचा वाटा किती आणि आतल्या पेशींकडून येणाऱ्या निरोपाचा किती, यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे.

दुसरी वाट निळ्या प्रकाशाची. इथे मालाचा हिशोब नाही, इथे थेट निरोप आहे. प्रयोग असा करतात: पानावर भरपूर तांबडा प्रकाश टाकून ठेवायचा, इतका की प्रकाशसंश्लेषण आणखी वाढायला जागाच उरू नये. रंध्रं काही प्रमाणात उघडतात आणि थांबतात. मग त्यावर अगदी मंद निळा प्रकाश टाकायचा. प्रकाशसंश्लेषणात त्याने नावापुरता फरक पडतो, पण रंध्रं एकदम आणखी उघडतात. नुसता काही सेकंदांचा निळा झोत दिला, तरी झोत बंद झाल्यावरसुद्धा ती कितीतरी मिनिटं उघडत राहतात. म्हणजे निळा प्रकाश हे इथे अन्न नव्हे, ती दारावरची थाप आहे.

ही थाप ऐकणारं प्रथिन म्हणजे फोटोट्रोपिन. रोप उजेडाकडे वाकतं तेही याच प्रथिनामुळे, नाव तिथूनच पडलं. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या किनोशिता, शिमाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर हे सिद्ध केलं. या रोपात दोन फोटोट्रोपिन आहेत. एक बिघडवलं तर दुसरं काम चालवून नेतं. दोन्ही बिघडवली तर रंध्रं निळ्या प्रकाशाला बहिरी होतात, तांबड्याला मात्र उघडतात. दोन वाटा वेगळ्या आहेत हे यापेक्षा स्वच्छ दाखवणं कठीण.

फोटोट्रोपिनच्या पोटात प्रकाश पकडणारा जो लहानसा रेणू बसलेला असतो, तो ब-२ जीवनसत्त्वाचं सख्खं भावंड आहे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ना? तो पिवळा रंग ब-२ चा. एखादी वस्तू पिवळी दिसते कारण ती निळा प्रकाश गिळते. पानाने निळा उजेड पकडायला नेमका असाच रेणू वापरलाय.

थाप पडल्यावर पुढची साखळी अशी. निळा प्रकाश पडला की फोटोट्रोपिन स्वतःवर फॉस्फेटचा शिक्का मारतं आणि मधल्या दोन-तीन प्रथिनांमार्फत निरोप पेशीच्या पटलावरच्या प्रोटॉन पंपापर्यंत पोचतो. पंप सुरू होऊन हायड्रोजनचे धनभारित कण बाहेर फेकू लागतो. त्यामुळे पेशीची आतली बाजू जास्त ऋणभारित होते. ऋणभार वाढला की पोटॅशियमसाठी असलेले दरवाजे उघडतात आणि धनभारित पोटॅशियम आत ओढलं जातं. भाराचा तोल राखायला क्लोराइड येतं, आणि पेशी स्वतः मॅलेट तयार करते. (आपण खतातून पालाश देतो त्यातल्या थोड्या भागाचं काम हे आहे. पोटॅशियम कमी पडलेल्या पिकाला दुष्काळ जास्त झोंबतो, त्यामागे हेही एक कारण.) एवढं सगळं आत जमलं की पाणी आपोआप येतं, पेशी फुगते, दार उघडतं.

मिटताना नुसता पंप बंद होऊन भागत नाही. ऋणभारित कण बाहेर सोडणारे वेगळे दरवाजे उघडावे लागतात. त्यातला मुख्य दरवाजा कोणता ते २००८ साली सापडलं. आपल्याकडे हैदराबाद विद्यापीठात ए. एस. राघवेंद्र यांनी रक्षक पेशी मिटण्याच्या यंत्रणेवर अनेक वर्षं काम केलंय. भारतात या विषयात शिरणाऱ्याला त्यांचे लेख वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

पानाला निळ्याची वेगळी वाट हवीच कशाला, हा प्रश्न मला सेमिनारमध्ये नेहमी विचारतात. त्याचं उत्तर वाडीत मिळतं.

झाडाखालची सावली आणि इमारतीखालची सावली, दोन्हीला आपण सावलीच म्हणतो. डोळ्याला दोन्ही काळसर. पानाच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झावळ्यांतून किंवा केळीच्या पानांतून गाळून खाली आलेल्या उजेडातला निळा आणि तांबडा भाग वरच्या पानांनी आधीच खाल्लेला असतो. उरतो तो हिरवट उजेड आणि आपल्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा. म्हणून दाट वाडीत शिरल्यावर सगळं हिरवंगार भासतं. अशा सावलीत तांबड्याचा हिशोब म्हणतो ‘धंदा नाही’, आणि निळ्याची थापही येत नाही. दोन्ही निरोप जुळतात, रंध्रं बरीचशी मिटून राहतात. कवडसा आला की तांबडा आणि निळा दोन्ही एकदम येतात, तेव्हाही निरोप जुळतात. निळा म्हणजे थोडक्यात ‘वर आभाळ मोकळं आहे’ असा सांगावा. पहाटे सूर्य तुंगारेश्वरच्या डोंगरामागे असतानाच आभाळाचा निळसर उजेड पडतो. झाडाला त्याचा फायदा असा की खरं ऊन येण्याआधीच दारं किलकिली होतात. आणि ही वेळ झाडाच्या सोयीची असते, कारण तेव्हा हवा दमट असते. हवेला तहान कमी असताना दार उघडलं तर पाणी कमी जातं आणि कार्बन डायऑक्साइड तेवढाच मिळतो.

आता टॉवरची सावली बघा. काँक्रीट उजेड गाळत नाही, अडवतं. थेट ऊन बंद, पण बाजूच्या मोकळ्या आभाळातून येणारा पसरलेला उजेड चालूच राहतो, आणि तो उजेड निळसर असतो. त्यामुळे इमारतीच्या सावलीतल्या पानाला निळ्याची थाप ऐकू येते, पण धंदा मंद असतो. दोन निरोपांत तंटा. निळ्याचा जोर तांबडा भरपूर असतानाच पूर्ण दिसतो, त्यामुळे अशा सावलीत रंध्रं सताड उघडत नाहीत, पण घट्ट मिटूनही बसत नाहीत. सावलीत पान थंड असल्याने पाणी उन्हाइतकं उडत नाही हेही खरं. तरी जेवढं जातं त्याच्या बदल्यात हाती फारसं लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट सावली कोणत्या वेळी पडते ती. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, त्याच्या आधीपासूनच रेल्वेच्या दोन्ही अंगांनी इमारती वाढत होत्या. आता त्या वाड्यांच्या अगदी कडेला आल्यात, आणि वाड्या समुद्राकडे असल्याने बऱ्याच ठिकाणी इमारत पूर्वेला आणि वाडी पश्चिमेला. म्हणजे सावली पडते ती सकाळी. दुपारी वाडीला पूर्ण ऊन, सकाळी अंधारं. इमारतीमुळे ‘दोन तास ऊन कमी’ एवढंच आपण मोजतो. झाडाच्या वहीत मात्र सकाळचा तास आणि दुपारचा तास एका भावाचे नाहीत. सकाळचा तास स्वस्त, दमट हवेचा. दुपारचा महाग. टॉवर जो तास काढून घेतो तो नेमका स्वस्तातला. बांधकाम परवानगीच्या कागदावर हा हिशोब कुठल्या रकान्यात बसवायचा ते मला माहीत नाही, पण पानापुढे तो रोज असतो.

दुपारचा तास किती महाग हे बघायला यंत्र लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी केळीचं पान बघा. मधल्या दांड्यापाशी त्याचे दोन्ही पंख खाली झुकतात, उघडं पुस्तक पालथं धरावं तसे. केळीला दोन्ही बाजूंना रंध्रं असतात, पण खालच्या बाजूला फार जास्त. पंख झुकले की वरच्या बाजूवर ऊन तिरपं पडतं आणि खालच्या रंध्रांभोवती दमट हवेचा आडोसा तयार होतो. संध्याकाळी पान पुन्हा सपाट. राजेळी केळीच्या बागा, ज्यांच्या फळांची वसईची सुकेळी होते, त्या एखाद्या उन्हाळी दुपारी मुद्दाम बघून या. सगळी वाडी मान खाली घालून उभी असल्यासारखी दिसते.

आता वेगाचा प्रश्न, म्हणजे माझ्या रोजच्या कामाचा. कवडसा आला की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा काही सेकंदांपासून काही मिनिटांत वेग घेते. रंध्रं त्यामानाने आळशी. पूर्ण उघडायला त्यांना दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मिटतानाही तसंच. कवडसा तोवर निघून गेलेला असतो. म्हणजे सुरुवातीला दार पुरेसं उघडलेलं नसल्याने कमाई बुडते, आणि नंतर दार वेळेत मिटत नसल्याने पाणी बुडतं. मी पानाला चिमट्यासारखं एक यंत्र लावून बसते, दिवा लावते, विझवते, आणि स्क्रीनवर वक्ररेषा हळूहळू चढताना-उतरताना बघते. अत्यंत कंटाळवाणं काम आहे. पण ती रेषा उतरायला जो वेळ घेते तो म्हणजे वाया जाणारं पाणी, हे लक्षात आलं की कंटाळा जरा कमी होतो.

सगळी झाडं सारखी आळशी नसतात. भात, ऊस, मका या गवताच्या कुळात रक्षक पेशी ओठांसारख्या नसून डंबेलसारख्या असतात. शेजारच्या मदतनीस पेशी पोटॅशियमची देवाणघेवाण जवळच्या जवळ करतात, त्यामुळे ही दारं झपाझप हलतात. ओठांसारख्या रक्षक पेशींच्या झाडांना हा वेग देता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या गटाने २०१९ साली अरॅबिडॉप्सिसच्या रक्षक पेशींत पोटॅशियमचा एक कृत्रिम दरवाजा बसवला. तो थेट निळ्या उजेडाने उघडतो, मधल्या साखळीची वाट न बघता. सारख्या बदलत्या उजेडात वाढवल्यावर त्या रोपांचं वजन साध्या रोपांच्या दुपटीहून जास्त भरलं, आणि पाणी जास्त लागलं नाही. भाताचीही एक गोष्ट आहे. जपान आणि चीनच्या संशोधकांनी २०२१ साली प्रोटॉन पंप जास्त असलेला भात शेतात लावून पाहिला, आणि उत्पन्न तीस टक्क्यांहून जास्त वाढलं. त्यात मुळांनी नायट्रोजन जास्त ओढल्याचाही वाटा होता, सगळं श्रेय रंध्रांचं नाही. मला स्वतःला ग्लासगोचा प्रयोग जास्त आवडतो. त्यात दार जास्त उघडण्यापेक्षा वेळेवर उघडण्या-मिटण्यावर भर आहे.

निर्मळच्या बाजूच्या एका वाडीवाल्या काकांना मी हे सगळं एकदा उत्साहाने सांगत होते. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “ते ठीक आहे गो पोरी, पण पाणी सकाळी लावू की संध्याकाळी, ते तुझ्या मशिनला विचार.” प्रश्न रास्त आहे.

रंध्रं उघडण्याची वेळ पाणी कधी लावलं त्यावर नव्हे, उजेडावर ठरते. पाणी ठरवतं ते पुढचं, म्हणजे ती किती वेळ उघडी राहू शकतील. माती कोरडी पडू लागली की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते रक्षक पेशींपाशी येऊन निळ्याच्या थापेवर मात करतं, ऊन असलं तरी दार मिटतं. म्हणून स्वस्त सकाळी दार उघडेल तेव्हा मुळांपाशी ओल तयार असलेली बरी. संध्याकाळी उशिरा किंवा अगदी पहाटे दिलेलं पाणी दोन्ही अर्थांनी सोयीचं: वाफ्यातून उडतं कमी, आणि सकाळच्या दाराला पुरतं. दुपारी बाराला लावलेल्या पाण्याचा बराच भाग जमिनीवरूनच उडतो. काका म्हणाले, हे आम्हाला मशिनशिवाय माहीत होतं. होतंच. मी फक्त कारण सांगितलं.

पण त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय, त्याचं काय? समुद्रालगतच्या पट्ट्यात उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालून खारं पाणी सरकतं. पूर्वी बावखलं पावसाचं पाणी धरून ठेवत आणि ते मुरत राही. त्यातली बरीच बुजवली गेली. मचूळ पाण्यात माती ओली दिसली तरी मुळांना ते पाणी ओढणं जड जातं. झाडाच्या लेखी तो दुष्काळच. संप्रेरक वाढतं, दारं मिटतात. शिवाय मीठ म्हणजे सोडियम, आणि ते मुळांपाशी पोटॅशियमशी स्पर्धा करतं. म्हणजे ज्या पोटॅशियमवर दार चालतं त्याचाच पुरवठा अडतो. वर ऊन म्हणतंय उघड, खाली मूळ म्हणतंय मीट. सकाळी टॉवरची सावली आणि मुळाशी मचूळ पाणी अशी दोन्ही संकटं एका वाडीला आली, तर झाडाकडे स्वस्त तास राहत नाही आणि महाग तासाला पैसे राहत नाहीत. अशा बागेत केळीचा घड लहान का पडतो याचं खापर बियाण्यावर किंवा खतावर फोडण्याआधी हे दोन प्रश्न विचारून बघावेत.

शेडनेटबद्दल एक गोष्ट सांगून टाकते, कारण नर्सरीवाले विचारतात. हिरवी जाळी डोळ्याला थंड वाटते, पण ती हिरवी दिसते याचा अर्थच ती हिरवा उजेड जास्त सोडते आणि निळा-तांबडा त्यामानाने जास्त अडवते. म्हणजे पानाला जो हवा तोच कमी. काळी जाळी सगळ्या रंगांना साधारण सारखंच अडवते. सावली किती टक्के हवी ते पिकावर ठरतं. पानवेलीला ती लागतेच, म्हणून तर महाराष्ट्रातल्या पानमळ्यांत शेवरी, हादगा, पांगारा लावायची पद्धत आहे, आधारासाठी आणि सावलीसाठीही. पण त्याच टक्क्याला काळी आणि हिरवी यांत निवड असेल तर मी काळी घेईन.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर एक जुना, सोपा प्रयोग आहे. कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात भिजवून वाळवलेला गाळणकागद कोरडा असताना निळा असतो आणि ओल लागली की गुलाबी होतो. विज्ञान शाखेच्या कुठल्याही कॉलेजात मिळेल. (विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर हात धुवा, लहान मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका.) त्याचे सारख्या मापाचे तुकडे करा, केळीच्या जिवंत पानाच्या वर एक आणि खाली एक ठेवा, दोन्हीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून बाहेरची हवा अडवा आणि घड्याळ लावा. खालचा आधी गुलाबी होईल. मग तोच प्रयोग सकाळी आठला आणि दुपारी दोनला करा. आणि जागा मिळाली तर एकाच सकाळी दोन केळींवर करा: एक झाडांच्या सावलीतली, एक इमारतीच्या सावलीतली, दोघींना पाणी आदल्या संध्याकाळी सारखं दिलेलं. पानं साधारण एकाच वयाची निवडा, वरून तिसरं म्हणजे दोन्हीकडे तिसरंच. तुकडा किती मिनिटांत बदलला ते लिहून ठेवा, एका पानावर भरवसा नको, निदान पाच-सहा पानं घ्या. आकडे आले की मला पाठवा, जागेचं नाव आणि सावली कशाची ते लिहून.